दोरीमास्तरांचे गुडघे

आमच्या भाऊजींनी जन्मभर मागे मागे सरकत पोट भरलं. ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते, पण फरशी बसवणाऱ्याचं काम असतंच तसं. दारासमोरच्या भिंतीपाशी पहिली ओळ लावायची आणि मग गुडघ्यांवर बसून एकेक ओळ लावत दाराकडे सरकायचं. समोर ओली फरशी, पाठीमागे उरलेली जमीन. शेवटची फरशी उंबऱ्याला भिडली की माणूस आपोआप खोलीबाहेर. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "भुताची पावलं उलटी असतात म्हणे. तेवढी नीट बघून घे." ती हसली आणि त्या भुताशीच संसार करायला निघून गेली.

गल्लीत त्यांना दोरीमास्तर म्हणत. ओळ सरळ आहे की नाही हे बघायची दोरी सदान्‌कदा त्यांच्या खिशात असायची, आणि खिशात नसली तर डोळ्यांत. मी पडदे शिवते. भाऊजी माझ्याकडे आले की पाणी पिण्याआधी खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मेहुणीबाई, डावीकडे उतरलाय." आणि तो उतरलेला असायचाच, म्हणून तर जास्त संताप यायचा. नाचता येईना त्याचं अंगण वाकडं असतं. हा माणूस लोकांची अंगणं सरळ करून देत हिंडायचा आणि स्वतःच्या घरात मालकाने घातलेल्या खडबडीत कोब्यावर राहायचा.

ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याने त्यांना एक नेम घालून दिला होता. बसवलेल्या फरशीवर फरशीवाल्याने परत पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर फक्त चुका दिसतात आणि पुढच्या कामात हात थरथरतो. भाऊजींनी तो नेम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. अर्धं शहर त्यांच्या फरशीवरून चालत होतं. शाळेचा व्हरांडा, बँक, डोळ्यांच्या दवाखान्याचा बोळ, वाचनालयाचा मोठा हॉल, सगळं त्यांच्या हातचं. ते मात्र यातल्या एकाही दारात पुन्हा गेले नव्हते.

मग गुडघे कुरकुरायला लागले. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. गुडघेदुखी येतेसुद्धा मुंगीच्याच पावलांनी. आधी सकाळी उठल्यावर थोडा ताठरपणा, मग जिना उतरताना कळ, मग बसलेलं उठताना तोंडातून निघणारा तो आवाज. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, सांध्यातली गादी झिजली आहे, व्यायाम सुरू करा. भाऊजींनी त्यातला 'झिजली' हा शब्द तेवढा घरी आणला. व्यायाम डॉक्टरांच्या टेबलावरच राहिला.

कारण त्यांच्याकडे स्वतःचं शास्त्र होतं. ताजी फरशी बसवली की तिच्यावर पाय द्यायचा नाही. ओलं गोणपाट टाकायचं, हलवायचं नाही, खालचा सिमेंटचा माल मुरू द्यायचा. घाई केली की फरशी हलते, आणि एकदा हललेली फरशी जन्मभर डगडगते. हेच त्यांनी गुडघ्यांना लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची ओढली, दोन फडकी भिजवून गुडघ्यांवर घातली आणि बसले. ताई दर थोड्या वेळाने फडकी ओली करायची. एक उन्हाळा गेला, दुसरा आला, गुडघे काही मुरेनात. अक्कल गुडघ्यात असते असं आपण दुसऱ्याला म्हणतो. यांचे गुडघेच आजारी, मग अक्कल कुठून चालणार! मी हे त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "हसू नकोस, माल ओला आहे अजून."

मी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. दुपारी मशीन बंद करून चहा घेऊन वर जायचे, तेव्हा ते अर्धवट झोपेत असायचे. खिडकीतून येणारं ऊन कोब्यावरून हळूहळू सरकत त्यांच्या पायांशी आलेलं असायचं. डोळे मिटलेले, पण पापण्या हलत असायच्या. मी विचारायचे, "कुठे होता?"

"शाळेच्या व्हरांड्यात," ते डोळे न उघडता सांगायचे. "सुट्टी झाली होती. पोरं पळाली, मग सगळं शांत झालं. खांबापाशी फरशी थंडगार होती."

दुसऱ्या दिवशी बँकेत असायचे, तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोळात. जिथे पाय ठेवायचा नाही असा नेम होता, तिथे ते दुपारभर अनवाणी हिंडायचे. कधी सांगायचे की बोळ खूप लांब झाला होता आणि शेवटाला पाणी होतं, स्वच्छ, आणि पाण्याखालीही फरशीच होती, ओळी अगदी सरळ. माझ्यासारखी तिरसट बाईसुद्धा तेव्हा आवाज खाली आणायची. चहा गार व्हायचा. ताई कोपऱ्यात काहीतरी निवडत बसलेली असायची आणि तीही ऐकायची. असं वाटायचं की खोलीच जरा वर तरंगते आहे आणि खालचं शहर दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

पण तरंगून पोट भरत नाही आणि पायही बळकट होत नाहीत. एक दिवस फडकं बदलताना मी त्यांच्या मांड्या बघितल्या. दगडासारख्या मांड्या होत्या त्यांच्या. आता काडीला कापड गुंडाळावं तशा दिसत होत्या.

ती बातमी ताईने बाजारातून आणली. वाचनालयाचा हॉल नव्याने करणार होते. कपाटं हलवायची, छत बदलायचं आणि जुनी फरशी फोडून तिथे चकचकीत नवी घालायची. थंडी सरली की काम सुरू होणार होतं. ताईने पिशवी खाली ठेवता ठेवता हे सांगितलं आणि मग जीभ चावली.

तो हॉल म्हणजे भाऊजींचं सगळ्यात मोठं काम. काळ्या-पांढऱ्या चौकटी, कडेने लाल पट्टा आणि मध्यभागी तुकडे कापून बसवलेलं एक मोठं फूल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते केलं होतं आणि रोज रात्री जेवताना ताईला एकेका पाकळीची हकीकत सांगितली होती. बातमी आली त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तर जागे होते.

"मला एकदा तिथे जायचंय," ते म्हणाले.

"आणि उस्तादाचा नेम?"

"फरशीच राहणार नाही, तर नेम कसला पाळू? मला तिच्यावर एकदा गुडघे टेकायचेत. बसवली तेव्हा टेकले होते, तसे. हात लावून बघायचंय."

हे बोलताना त्यांचा तळहात हवेत, फरशीवरून फिरावा तसा फिरत होता. मी कधी त्यांना तसं बघितलं नव्हतं. मी पुढे काही चेष्टा केली नाही. वाचनालयाला रस्त्यापासून चांगल्या उंच पायऱ्या होत्या आणि हा माणूस स्वतःच्या घरचा जिना उतरत नव्हता.

पुढच्या चौकात, कापडाच्या दुकानाच्या वर, सांध्यांच्या व्यायामाची एक जागा होती. मी तिच्यासाठी पडदे शिवले होते म्हणून ठाऊक. तिथली मुलगी तरुण, केस वर बांधलेले, हात मात्र लोहारासारखे. भाऊजी तिच्यापर्यंत पोचले ते दोन्ही जिन्यांचे कठडे धरून, एक उलटे उतरून आणि एक रडत-कुढत चढून. दारात उभे राहिले तेव्हा घामाने निथळत होते.

तिने गुडघे दाबले, वाकवले, सरळ केले. मग मांडीवर अंगठा टेकवला. तो आत रुतला.

"काका, किती दिवस बसून आहात?"

भाऊजींनी आपलं शास्त्र समजावलं. ओलं गोणपाट, मुरणं, हललेली फरशी, सगळं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली.

"फरशी तुम्ही बसवून दिली की ती तशीच राहते," ती म्हणाली. "स्वतःहून काही करत नाही. गुडघा जिवंत आहे. तो हलला की त्याला आतून ओलावा मिळतो, पडून राहिला की सुकतो. आणि गुडघ्याचं वजन धरते ही मांडी. ती तुम्ही पार सोडून दिलीत. भिंती काढून घेतल्यावर छताला दोष देऊन काय उपयोग?"

"पण झिजलंय ते?"

"झिजलेलं मी भरून देणार नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. मी चालायला शिकवीन, दुखणं कमी होईल एवढं बघीन. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत निवलं तर चांगलं दुखणं. वाढत गेलं किंवा सूज आली तर व्यायाम कमी करायचा, बंद नाही करायचा. काय हवंय तुम्हाला नक्की?"

"गुडघे टेकायचेत."

"टेकणं सोपं आहे, काका. उठायचं शिकावं लागेल."

मग सुरू झालं. पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, तिच्यावर गुडघा दाबून धरायचा. खुर्चीत बसून पाय समोर उचलायचा, तसाच धरायचा, सावकाश खाली. खुर्चीतून उठायचं, हात न टेकता, आणि धपकन न पडता परत बसायचं. बघायला अगदी पोरखेळ. भाऊजींना पहिल्या दिवशी त्यातलं अर्धंसुद्धा जमलं नाही. खुर्चीतून उठताना मांड्या अशा लटपटल्या की ताईने तोंड फिरवलं.

त्यांना सगळ्यात अवघड जायचं ते धरून ठेवणं. त्या मुलीने आकडे मोजायला सांगितले होते. आकडे मोजताना भाऊजी चिडायचे, घाई करायचे, मध्येच पाय सोडून द्यायचे. एका दुपारी मी वर गेले तर पाय समोर उचललेला, डोळे मिटलेले आणि चेहरा अगदी निवांत. ओठ हलत होते. मी दारातच थांबले.

"काळी," ते पुटपुटत होते. "पांढरी. काळी. माल जरा जास्त झाला. ठोक. पांढरी."

पाय एकदा उचलला की एक ओळ. ओळ संपली की पाय खाली. ते वाचनालयाचा हॉल पुन्हा बसवत होते, समोरच्या भिंतीपासून, जसा बसवला होता तसा. त्या दिवशी ते लाल पट्ट्याच्या जवळपास होते. त्यानंतर मी रोज विचारायचे, "कुठवर आलात?" आणि ते सांगायचे, दुसऱ्या खिडकीपर्यंत, वर्तमानपत्रांच्या उभ्या टेबलापर्यंत. खोलीत ऊन सरकायचं, खालून रस्त्याचा आवाज लांबून आल्यासारखा यायचा आणि कोब्यावर मला कधी कधी खरोखर चौकटी दिसायच्या. मी पडद्याच्या कडा तिथेच बसून शिवायला लागले. ताई पुटपुटायची, "हळू, अजून ओली आहे ती," आणि भाऊजी गंभीरपणे मान डोलवायचे. आम्ही तिघं म्हातारी माणसं दिवसाढवळ्या एकच स्वप्न बघत होतो आणि एकालाही लाज वाटत नव्हती.

फुलापाशी आले तेव्हा मात्र गडबड झाली. फूल एका बैठकीत पुरं करायचं असं त्यांनी ठरवलं. त्या मुलीने सांगितलेलं थोडं, यांनी केलं भलतंच. पाकळीमागून पाकळी, खुर्चीतून उठा, बसा, उठा, बसा. मी म्हटलं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा झाला.

आणि फडकी परत आली. मी वर गेले तर दोन्ही गुडघ्यांवर ओलं कापड आणि तोंड खिडकीकडे.

"मी सांगत होतो," ते म्हणाले. "कच्च्यावर पाय दिला. हललं सगळं."

"त्या मुलीने सांगितलंय, सूज आली तर कमी करा. बंद नको."

"तिचं वय काय? माझं काम किती वर्षांचं? हे मुरल्याशिवाय मी आता उठणार नाही."

मी तोंड उघडणार होते. माझ्याजवळ शब्द तयारच असतात. पण कोपऱ्यातून ताई उठली. माझी ताई आवाज चढवणारी बाई नाही. भांडी घासतानासुद्धा आवाज करत नाही. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही फडकी ओढून तिने खिडकीबाहेर भिरकावली.

"तुमचं मुरतंय, आणि मी?" ती म्हणाली. "दोन वर्षं एकटी चालतेय मी. बाजारात जाते, परत येते, रस्त्यात काय दिसलं ते तुम्हाला सांगते. तुम्ही डोळे मिटून शाळेत जाता, बँकेत जाता, सगळीकडे जाता. मला कधी नेलंत? मला स्वप्नातली फरशी नकोय. मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत माझ्या बाजूने चालणारा माणूस हवाय. नुसता चालला तरी चालेल. बोलू नका हवं तर."

मग ती रडायला लागली आणि मीही. मी उगाच पडद्याच्या कापडात नाक खुपसून बसले.  खालून कोणीतरी ओरडलं, कोणाचं फडकं आहे हे. भाऊजींनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेतली आणि सुजलेला गुडघा तिच्यावर अगदी हलके दाबला. एकदाच. मग थोडं थांबून परत एकदा.

सूज उतरली. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. त्या मुलीने खुर्ची धरून जमिनीवर टेकायला शिकवलं, खाली जाड गादी घालून. आधी एक गुडघा, मग दुसरा. उठताना एक पाऊल पुढे, हात खुर्चीवर, जोर मांडीतून. ताई आणि ते संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला लागले. येताना भांडत यायचे, म्हणजे सगळं ठीक होतं. दुखणं गेलं नव्हतं. थंडीच्या सकाळी ते अजूनही शिव्या घालतच उठायचे. पण उठायचे.

थंडी सरण्याआधीच निरोप आला. वाचनालयाचं काम लवकर सुरू होत होतं आणि माणसं सकाळी हातोडे घेऊन आली होती. ग्रंथपालबाई माझं गिऱ्हाईक, त्यांनीच कळवलं. आम्ही होतो तसे निघालो. मी हाताला लागलं ते जाड पडद्याचं कापड घडी करून काखेत मारलं.

पायऱ्यांशी भाऊजी थांबले. कठडा धरला. एक पाऊल, त्याच पायरीवर दुसरं, मग श्वास. ताई बाजूला, मी मागे. वर पोचलो तेव्हा मिस्त्री दारात उभा होता, हातात घण. ग्रंथपालबाईंनी त्याला काहीतरी सांगितलं आणि तो बाजूला झाला.

हॉल रिकामा होता. कपाटं नेलेली, टेबलं नेलेली. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं खाली येत होतं आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. आम्ही इतक्या दुपारी घरात बसून जे बघितलं होतं ते समोर होतं, आणि ते तसं नव्हतं. दारापासून वर्तमानपत्रांच्या जागेपर्यंत काळा रंग पार उडाला होता. त्या जागेपाशी तर फरशीला खळगा पडला होता, जिथे माणसं रोज उभी राहून वाचत असणार. लाल पट्टा खिडक्यांपाशी गुलाबी झालेला. भाऊजींनी सगळ्यावरून नजर फिरवली.

"पाचवी पाकळी उलटी बसलीय," ते म्हणाले. मग खळग्यापाशी गेले आणि बूट काढून पाय त्यात ठेवला. "काय चाललेत गं लोक इथे," ते ताईला म्हणाले. "किती चाललेत." त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसतही नव्हते.

मी फुलाच्या मध्यावर कापडाची घडी ठेवली. त्यांनी ताईच्या खांद्यावर हात टेकून एक गुडघा खाली नेला, मग दुसरा. खांदा सोडला. तळहात पाकळीवर फिरवला, बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून बघितलं. कुठेही पोकळ आवाज आला नाही. मिस्त्री दारातून बघत होता. त्याने घण हळूच भिंतीला टेकवून ठेवला.

मग त्यांनी मान वर करून इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. त्या अख्ख्या हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती. जमिनीवरून उठायला ते नेहमी खुर्ची धरत. मी पुढे झाले, ताई पुढे झाली, मिस्त्रीही दोन पावलं आत आला.

"थांबा," ते म्हणाले.

एक पाऊल पुढे घेतलं. दोन्ही हात त्या मांडीवर ठेवले. पहिल्यांदा नुसतेच हलले आणि परत खाली आले. चेहरा पांढराफटक. मी ओठ दाबून धरले होते, नाहीतर काहीतरी बोललेच असते. दुसऱ्यांदा मांडी थरथरली, इतकी की विजारीचं कापड हलताना दिसत होतं. ती थरथरतच राहिली, आणि त्या थरथरीतून ते वर आले. अर्धे. मग पुरे. उभे राहिले.

 ताईने त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली, जी तिथे नव्हतीच.

मिस्त्री म्हणाला, "काका, त्या फुलातला एखादा तुकडा नीट काढून देऊ का? आठवण म्हणून."

भाऊजींनी खाली बघितलं, क्षणभरच.

"नको," ते म्हणाले. "फोडा आता."

घणाचा पहिला घाव पडला तेव्हा आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर होतो. ताई दचकली, मीही दचकले. भाऊजी पुढची पायरी बघत होते.